वाढत्या पायाचं माप

मोठ्या माणसाला कृत्रिम पाय एकदा नीट बसला की तो काही वर्षं साथ देतो. लहान मुलाचा पाय मात्र बसवला त्या दिवसापासून अपुरा पडायला लागतो. त्यात बनवणाऱ्याचा काही दोष नाही. मूल वाढतं, एवढंच. धडधाकट पाय लांबतो, कापलेला पाय जाड होतो, तो ज्या पोकळ सॉकेटमध्ये बसतो ते सॉकेट आवळायला लागतं, आणि बघता बघता कंबर एका बाजूला कलते. पाच वर्षांपर्यंत साधारण दरवर्षी, पुढे बारा वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर वाढ थांबेपर्यंत तीन-चार वर्षांनी पाय बदलावा लागतो, असा या क्षेत्रातला जुना हिशेब आहे. म्हणजे एका पायाविना जन्मलेलं मूल अठरा वर्षांचं होईतो त्याला दहाएक पाय लागतात. आपल्याकडे समारंभ होतो तो पहिल्या पायाचा. उरलेले नऊ कुठून यायचे, हा प्रश्न मला गेली काही वर्षं सोडत नाही.

सत्तरच्या दशकात आमच्या तालुक्याच्या गावी पोलिओ झालेली एक-दोन मुलं बहुतेक प्रत्येक शाळेत असायची. माझ्या वर्गातल्या एकाला मांडीपासून बुटापर्यंत लोखंडी कॅलिपर होता. दोन उभ्या सळया, त्यांना जोडणारे चामड्याचे पट्टे आणि गुडघ्यापाशी कडी. उभं राहिलं की कडी खाली पडून गुडघा ताठ अडकायचा. बसायचं तर ती हातानं वर ओढावी लागायची. कॅलिपर मुंबईहून आणलेला. तिथं पुन्हा जायचं म्हणजे बुडलेली मजुरी, एसटीचं भाडं आणि कुणाच्या तरी खोलीत मुक्काम. म्हणून त्याचे वडील त्याला बाजारात चपला शिवणाऱ्याकडे न्यायचे आणि टायरचा तुकडा लावून बुटाचा तळ उंच करून घ्यायचे. पण तळ उंच केल्यानं गुडघ्याची कडी वर सरकत नाही. मुलाचा गुडघा वर गेला, लोखंडाचा गुडघा खालीच राहिला. बसलं की सळया मांडीत रुतायच्या. सातवीत असताना त्यानं कॅलिपर घालायचं सोडलं. पुढे तो मांडीवर हात रोवून, वाकून चालायचा. त्या वाकण्यानं त्याची पाठ कायमची कलली. पहिला कॅलिपर उत्तम बनवलेला होता, हे मला आजही सांगावंसं वाटतं. दुसरा कधी आला नाही.

पोलिओ आता गेला. देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यात सापडला आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं. हे फार मोठं काम झालं. पण त्याबरोबर कॅलिपरही संपले असं लोकांना वाटतं, ते खरं नाही. सेरेब्रल पाल्सी असलेली मुलं आहेत, त्यांचा घोटा ताठरतो. त्यांना पिंढरीपासून तळव्यापर्यंतची प्लास्टिकची पट्टी लागते. वाढत्या वयात पाठीचा कणा वाकणारी मुलं आहेत, बहुतेक मुलीच. त्यांना कपड्याखाली दिवसाचे कितीतरी तास घट्ट जॅकेट घालून राहावं लागतं. शिवाय अपघात आहेतच.

हातपाय बनवण्याचं शास्त्र पोसलं ते लढायांनी. पुण्यातलं लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ साली, दुसरं महायुद्ध चालू असताना सुरू झालं, ते जखमी जवानांसाठी. पुढे तिथं नागरिकांनाही उपचार मिळू लागले. जवानाची वाढ झालेली असते. त्याचं माप एकदा घेतलं की पुरतं. मुलांचा विचार व्हायला वेगळी माणसं लागली. मुंबईत ती एक आई होती. स्वातंत्र्यचळवळीतल्या कार्यकर्त्या फातिमा इस्माईल यांच्या लहान मुलीला पोलिओ झाला. उपचारांसाठी त्या तिला घेऊन मद्रासला गेल्या. तिथं मुलीला जे मिळालं ते इतर मुलांनाही मिळावं म्हणून त्यांनी १९४७ साली मुंबईत दवाखाना काढला. हाजीअलीचं मुलांचं अस्थिरुग्णालय त्याच रोपट्याचं वाढलेलं झाड.

माझ्या भाचीचा मुलगा दोन्ही पावलं आत वळलेली घेऊन जन्मला. डॉक्टर त्याला क्लबफूट म्हणतात. आठशे ते हजार जन्मांत साधारण एका बाळाला तो असतो, मुलींपेक्षा मुलग्यांत दुप्पट. कारण बहुतेक वेळा सापडत नाही. काही घराण्यांत तो पुन्हा पुन्हा दिसतो. पण आमच्याकडे कारण तयारच असतं. बाळ-बाळंतीण घरी येण्याआधीच एका वडीलधाऱ्या बाईंनी भाचीला विचारलं, "ग्रहणात काही चिरलं-कापलं होतंस का गं?" त्या विचारण्यात दुष्टावा नव्हता, पण ओल्या बाळंतिणीच्या मनात तो काटा वर्षभर रुतून बसला. ग्रहणाचा आणि गर्भाच्या पावलांचा काडीचाही संबंध नाही. हे वाचणाऱ्या प्रत्येकानं आपल्या घरात एकदा मोठ्यानं सांगावं, इतकं हे महत्त्वाचं आहे.

पूर्वी या पावलांवर मोठ्या शस्त्रक्रिया करत. त्यांनी पाऊल सरळ व्हायचं, पण पुढे ताठ व्हायचं, दुखायचं. स्पेनमध्ये जन्मलेले आणि अमेरिकेत आयोवाला स्थायिक झालेले डॉ. इग्नासिओ पोन्सेटी यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर दुसरी वाट काढली. बाळाचं कोवळं पाऊल हातानं हळूहळू वळवायचं, तसंच धरून मांडीपर्यंत प्लास्टर घालायचं, आठवड्यानं काढून आणखी थोडं वळवायचं. पाच-सहा प्लास्टरांत पाऊल बहुतेक सरळ येतं. मग टाचेमागची आखडलेली शीर एका छोट्या छेदानं मोकळी करतात आणि शेवटचं प्लास्टर तीन आठवडे ठेवतात. सर्जन मंडळींनी या पद्धतीकडे कितीतरी वर्षं पाठ फिरवली होती. आज जगभर हीच पद्धत वापरतात.

खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. पाऊल सरळ झालं तरी त्याची ओढ आतच असते. म्हणून दोन छोटे बूट एका आडव्या दांडीला बाहेरच्या बाजूला वळवून बसवतात. पहिले तीन महिने दिवसाचे २३ तास, पुढे चार-पाच वर्षांचं होईपर्यंत रात्री आणि दुपारच्या झोपेत. बूट सुटले की पाऊल परत वळतं. क्लबफूट उलटण्याचं सगळ्यांत मोठं कारण हेच. आणि बूट सुटतात ते निष्काळजीपणानं नव्हे, मायेनं सुटतात. पहिल्या रात्री बाळ रडून रडून निळं पडलं तेव्हा आजी म्हणाली, "एक रात्र राहू दे गं, काय बिघडतंय?" पावलं तर डोळ्यांना अगदी सरळ दिसत होती! भाचीनं बूट काढले नाहीत. तिनं दांडीला जुन्या नऊवारीचा पदर गुंडाळला, म्हणजे ती बाळाला नि शेजारी झोपणाऱ्याला लागणार नाही. टाच वर सरकली की फोड येतो, म्हणून दर वेळी मोजे काढून टाच पाहायची. काही दिवसांत बाळ दोन्ही पाय एकदम उचलून लाथा झाडायला शिकलं आणि रडणं थांबलं. पण पाऊल वाढलं की बूट बदलायचे असतात, आणि जिथं नवे बूट मिळतात ते गाव एसटीनं चार तासांवर होतं. मुक्कामाची सोय करणारी मावशी तिथं नसती तर काय झालं असतं, हे भाची स्वतःच विचारते.

युगांडात स्टीनबीक नावाच्या तंत्रज्ञानं असेच बूट तिथल्या तिथं मिळणाऱ्या चामड्याचे आणि लोखंडाचे, स्थानिक कारागिरांना बनवता येतील असे तयार केले. स्वस्ताई हा त्यातला अर्धाच गुण. जवळचा माणूस दुरुस्त करू शकतो, हा उरलेला अर्धा आणि मला तोच मोठा वाटतो. जयपूर फूटची थोरवीही तीच आहे. १९६८ च्या सुमारास जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी आणि फारसं शालेय शिक्षण नसलेले कारागीर रामचंद्र शर्मा यांनी मिळून रबराचं असं पाऊल घडवलं, की शेतात अनवाणी चालता येईल, उकिडवं बसता येईल, मांडी घालता येईल. परदेशी पावलाला बुटाशिवाय चालत नसे.

हाच पाय घेऊन आपल्याकडे शिबिरं भरतात. सकाळी माप, संध्याकाळपर्यंत पाय. मी अशा एका शिबिरात दिवसभर होतो आणि शेतावरचे मोठे लोक कुबड्या मांडवात ठेवून चालत गेलेले पाहिले; ते काम फार मोलाचं आहे. तिथंच ऊसतोड कुटुंबातली नऊ-दहा वर्षांची एक मुलगी होती. उसाच्या ट्रॉलीखाली तिचा पाय गुडघ्याखाली गेला होता. तिलाही पाय मिळाला, हार घातला, फोटो निघाला. दिवाळीनंतर कुटुंब कोल्हापूरकडे तोडीला गेलं. पुढच्या वर्षी त्या गावी गेलो तेव्हा ती पुन्हा कुबडी घेऊन होती. पाय आखूड झाला होता, शिवाय टोचत होता. मुलांमध्ये मधोमध कापलेल्या हाडाचं टोक पुन्हा वाढतं आणि आतून कातडीला लागतं. कधी त्यासाठी परत शस्त्रक्रिया करावी लागते. हे तिच्या आईला कुणी सांगितलंच नव्हतं. शिबिर निघून गेलं होतं आणि कुणाकडे जायचं याचा पत्ता मागे ठेवला नव्हता.

हाताबद्दल थोडं वेगळं सांगायचं आहे. कोपराखाली हात नसलेली, तशीच जन्मलेली मुलं पुष्कळदा कृत्रिम हात काढून ठेवतात. त्यांना त्या टोकाला स्पर्श कळतो. त्या टोकानं ती वही दाबून धरतात, चेंडू पकडतात. प्लास्टिकच्या हातात तो स्पर्श जातो. आईबापांना हात हवा असतो तो फोटोसाठी, पुढच्या लग्नाच्या काळजीसाठी. मुलाला नको असेल तर त्याचं ऐकावं, असं माझं मत आहे. सायकलचं हँडल धरायला ते एखाद्या दिवशी स्वतःच मागेल.

पायाचं तसं नाही. पाय लागतोच आणि वेळेवर लागतो. केंद्र सरकारची एडिप योजना १९८१ पासून गरजूंना अशी साधनं देते. तिच्या नियमानुसार एकदा साधन मिळालं की त्याच कारणासाठी तीन वर्षं पुन्हा मदत मिळत नाही. १२ वर्षांखालच्या मुलांसाठी ही अट एक वर्षाची आहे. मुलांचं वाढणं वेगळं आहे, हे ओळखणारा हा चांगला नियम. पण तो नेमका चुकीच्या वयावर थांबतो. मुलग्यांची उंची सर्वांत झपाट्यानं वाढते ती तेराव्या-चौदाव्या वर्षी. नेमक्या त्याच वेळी मुलाला मोठ्या माणसाच्या रांगेत उभं करून तीन वर्षं थांब म्हणायचं, हे योग्य नाही. ही मर्यादा १८ वर्षांची करावी. आणि जे शिबिर भरवतात त्यांनी मुलांची नावं वेगळ्या वहीत लिहावीत, पुढच्या मापाची तारीख आईच्या हातात द्यावी, जवळच्या दुरुस्ती करणाऱ्या कारागिराचा पत्ता द्यावा. हे जमत नसेल तर त्यांनी मुलाला पहिला पायही देऊ नये, थेट कायम चालणाऱ्या केंद्रात पोचवून द्यावं.