आधी घरातली चोरी उघड झाली

येरवड्यातल्या आमच्या वस्तीत आधी पितळी नळ जायला लागले. मग कुणाची पाण्याची मोटर, कुणाचा चार्जिंगला लावलेला मोबाईल. तक्रार कुणीच करत नव्हतं. बहुतेक घरांत चोर कोण ते माहीत होतं. पोराची जीभ जड झालेली, रुमालाला पंक्चरच्या सोल्युशनचा वास, नाहीतर खिशात झोपेच्या गोळ्यांची, म्हणजे 'बटन'ची, रिकामी पट्टी. तरी आई म्हणायची, "राहू द्या ताई, जुनाच होता तो मोबाईल."

मी बचत गटाचं काम बघते. हप्ते थकायला लागले आणि एका बैठकीत कारण विचारलं, तेव्हा एक मावशी बोलल्या. मुलाने त्यांच्या मंगळसूत्राच्या वाट्या विकल्या होत्या. त्यांचं ऐकून दुसरी बोलली, मग तिसरी. त्या दिवशी हप्त्यांचा हिशोब झालाच नाही. पुडी विकणारा कोण, कुठे उभा राहतो, पुड्या पोचवायला कुणाची शाळकरी पोरं वापरतो, सगळं बायकांना तोंडपाठ होतं. पण बोललं की आपलंच पोर आत जाईल, या भीतीने तोंडं बंद होती. विकणाऱ्याचा सगळा धंदा आमच्या या गप्प बसण्यावर चालला होता, असं माझं ठाम मत आहे.

मंडळाच्या तरुणांना नशा करणाऱ्या पोरांना खांबाला बांधून चोपायचं होतं. त्यांचा संताप मला समजत होता, पण मी आडवी गेले. मार खाल्लेलं पोर घर सोडतं आणि थेट विकणाऱ्याच्या आसऱ्याला जातं.

ओळखीच्या एका वकील ताईंनी आम्हाला कायदा समजावला. अमली पदार्थांच्या 1985 च्या कायद्यात 64-अ हे कलम आहे. व्यसनी माणसाने नशा केली किंवा त्याच्याकडे अल्प प्रमाणातला माल सापडला आणि तो आपणहून मान्यताप्राप्त केंद्रात जाऊन पूर्ण उपचार घेत असेल, तर त्याच्यावर खटला चालत नाही. एमडीसाठी, म्हणजे मेफेड्रोनसाठी, ही अल्प मर्यादा 2 ग्रॅम आहे. उलट, अल्पवयीन मुलाकडून नशेचा माल पोचवून घेणाऱ्याला बाल न्याय कायद्यानुसार 7 वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. पोराला वाचवण्याची वाट वेगळी आणि विकणाऱ्याला धरण्याची वेगळी, हे कळल्यावर आयांच्या अंगात बळ आलं.

मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र तर आमच्याच येरवड्यात. 1986 साली, गर्दने, म्हणजे ब्राऊन शुगरने, घरंच्या घरं पोखरली होती तेव्हा, डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी ते उभं केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदतीचा हात दिला. इतक्या जवळ असून आमच्या बायका त्या फाटकातून कधी आत गेल्या नव्हत्या. शेवटी आम्ही त्या मंगळसूत्रवाल्या मावशींना घेऊन गेलो. आत समोर बसलेला कार्यकर्ता म्हणाला, "मावशी, मीही घरातली भांडी विकलीत." त्या मावशी तिथेच रडल्या. घरच्यांनाही सावरावं लागतं, हे तिथे मानतात; व्यसनी माणसांच्या बायकांसाठी 'सहचरी' नावाचा गट आहे. याचं मोल मला फार वाटतं. पोर उपचार घेऊन येतं ते शेवटी याच घरात.

विकणाऱ्यांबद्दल आम्ही एकटीदुकटीने बोलायचं बंद केलं. गटाच्या नावाने लेखी अर्ज, खाली सगळ्यांच्या सह्या, आणि पोच घेतल्याशिवाय चौकीतून उठायचं नाही. भंगारवाल्याला बजावलं, नळ किंवा मोटर घेऊन पोर आलं तर आधी घरी कळव, नाहीतर चोरीचा माल घेतल्याची तक्रार तुझ्यावर. नायट्राझेपामसारख्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत. दुकानदाराला रुग्णाचं नाव वेगळ्या वहीत लिहून ती वही 3 वर्षं जपावी लागते. ती वही तपासायला औषध निरीक्षकांना पत्र दिलं. पट्ट्या मिळणं अवघड झालं. एमडी मात्र अजून येतं, गाडीवरून येतं, हातोहात जातं.

बरी होऊन आलेली काही पोरं पुन्हा घसरली. त्यांना परत केंद्रात नेलं, अजूनही नेतो. सगळ्यात कठीण असतं ते काम मिळवणं. वस्तीतल्या पोराला कुणी दारात उभं करत नाही. एका गॅरेजवाल्या दादांनी हमी मागितली, तेव्हा गटातल्या बायकांनी कागदावर सह्या केल्या. अट पोराला विचारूनच घातली: पहिले काही महिने पगार आईच्या हातात.