कळशीभर संगणक

आपल्याकडे आवाज ही कर्तृत्वाची खूण मानली जाते. मिक्सर घरघरला की वाटण बारीक झाले असे वाटते. वरातीतला बँड चार गल्ल्या पलीकडे ऐकू गेला की लग्न थाटात झाल्याचा निर्वाळा मिळतो. बुलेट हे वाहन तर कित्येकांना तिच्या ठोक्यांसाठीच हवे असते. खेळांसाठी बनवलेला संगणक याच कुळातला आहे. बाजारात तो बहुधा गुडघ्याएवढ्या उंचीच्या पेटीत मांडलेला असतो. पेटीची एक बाजू काचेची, आत चार-सहा पंखे आणि त्या पंख्यांना सप्तरंगी दिवे. कळ दाबली की तो गणपतीच्या आराशीसारखा उजळतो आणि आपण किती बलवान आहोत हे काम सुरू करण्याआधीच सांगून टाकतो.

मला हवा असलेला संगणक शांत असावा, आटोपशीर असावा, दिसण्यात साधा असावा. आणि तरीही त्यावर अलीकडचे मोठे खेळ अडखळल्याविना चालावेत, अशी माझी इच्छा होती. या चार अपेक्षा एका वाक्यात सुखाने नांदतात. एका पेटीत मात्र त्यांचे फारसे पटत नाही.

या हट्टामागचे कारण आमच्या घरात होते. डोंबिवलीतल्या आमच्या घरात एक खोली आणि एक स्वयंपाकघर आहे; राहणारी माणसे दोन, आई आणि मी. आई शहात्तर वर्षांची आहे. ती दहाला झोपते आणि तिची झोप पातळ आहे. लोकलने घरी येऊन, जेवून, उरलेसुरले आवरून माझा स्वतःचा वेळ सुरू होतो तोही दहालाच. तिच्या पलंगापासून माझे टेबल चार हातांवर. खेळताना मी कानांना हेडफोन लावतो, त्यामुळे खेळातला पाऊस, घोड्यांच्या टापा आणि तलवारींचा खणखणाट माझ्यापुरता राहतो. परंतु हेडफोन लावल्यावर यंत्राच्या पंख्यांचा आवाज मला ऐकू येत नाही. तो फक्त तिला ऐकू येतो. माझ्या विरंगुळ्याचा गोड भाग माझ्याकडे आणि कटकटीचा भाग तिच्याकडे, अशी ही वाटणी मला मान्य होण्यासारखी नव्हती. शांत संगणक जमला नाही तर खेळणे सोडायचे, असे मी मनाशी ठरवले होते.

खेळणे सोडणे इतके अवघड का वाटावे, असे कोणी विचारील. पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाने पडद्यावर खेळू नये, असे मला अधूनमधून सुचवलेही जाते. रात्री कादंबरी वाचत बसणाऱ्याला मात्र कोणी असे सुचवत नाही. २०१५ साली आलेला ‘द विचर ३’ हा माझा आवडता खेळ आंजेय सापकोव्स्की या पोलिश लेखकाच्या कथाविश्वावर उभा आहे. त्यातल्या एखाद्या पडक्या गावात शिरून तिथल्या माणसांचे म्हणणे ऐकत, कोणाची बाजू घ्यावी याचा विचार करत तास घालवणे, हे मला वाचनापासून फार दूरचे वाटत नाही. दिवसभर दुसऱ्यांचे हिशेब जुळवल्यानंतर तो एक तास माझा असतो.

संगणकाच्या आवाजाचे मूळ उष्णतेत आहे. पडद्यावरचे चित्र सेकंदाला साठ वेळा नव्याने रंगवावे लागते, आणि १९२० गुणिले १०८० बिंदूंच्या पडद्यावर अशा एका चित्रात वीस लाखांहून अधिक बिंदू असतात. हे रंगकाम ग्राफिक्स कार्ड करते. त्यासाठी लागणारी जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. एनव्हिडिया कंपनीचे २०२२ साली आलेले आरटीएक्स ४०९० हे कार्ड एकटेच ४५० वॅटपर्यंत वीज घेते. साठ वॅटचे साडेसात पिवळे बल्ब एका डब्यात कोंडावेत, तसा तो प्रकार. ती उष्णता बाहेर काढायला पंखे हवेत, आणि पंखा फिरला की आवाज आला. पेटी लहान केली तर पंखेही लहान घ्यावे लागतात, आणि लहान पंख्याला तेवढाच वारा देण्यासाठी अधिक वेगाने फिरावे लागते. लहान चणीची यंत्रे बहुधा किरकिरी असतात ती यामुळे.

मात्र पंख्याच्या गणितात एक दिलासाही आहे. पंख्याचा वेग निम्मा केला तर वारा निम्मा होतो, पण आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. आणि दहा डेसिबल उतरले तरी कानाला तो आवाज निम्म्यावर आल्यासारखा वाटतो. म्हणजे उष्णता थोडी कमी निर्माण केली, तर त्या मानाने शांतता पुष्कळ पदरात पडते. एवढे उमगल्यावर माझी यादी उलट्या बाजूने तयार होऊ लागली. कोणता भाग सर्वांत बलवान आहे, या प्रश्नाऐवजी मी प्रत्येक भागापुढे एकच प्रश्न ठेवू लागलो : याहून कमी असून आपले भागेल का?

ग्राफिक्स कार्ड मी २०२३ सालचे आरटीएक्स ४०६० निवडले. ते ११५ वॅटचे, म्हणजे त्या महाबली कार्डाच्या जवळजवळ चौथ्या हिश्श्याचे. माझ्या साध्या पडद्याला ते पुरेसे होते. प्रोसेसर एएमडीचा रायझन ५ ७६००, ६५ वॅटच्या वर्गातला. या दोघांची आणि बाकीच्यांची मिळून भूक खेळतानाही दोनशे वॅटच्या आसपास राहील, असा माझा अंदाज होता. मदरबोर्ड ‘मिनी-आयटीएक्स’ आकाराचा. हा आकार व्हीआयए कंपनीने २००१ मध्ये आणला. त्याची बाजू १७० मिलिमीटर, म्हणजे जेमतेम पोळपाटावर मावेल एवढा चौरस. वीजपुरवठ्याची ‘एसएफएक्स’ पेटी साधारण अर्ध्या विटेएवढी. साठवणुकीसाठी २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब अशी एक पट्टी. जुन्या हार्ड डिस्कमध्ये मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी तबकडी असे. या पट्टीत हलणारे काहीच नसते, म्हणून तिला आवाजही नसतो.

या सगळ्यांना सामावणारी पेटी स्वीडनच्या फ्रॅक्टल डिझाइन या कंपनीची. तिचे नाव टेरा, आकारमान १०.४ लिटर. एरवीच्या पेट्या चाळीस लिटरच्या पुढे जातात. ही एका कळशीत मावेल एवढी. बाजूंना जाळीदार अॅल्युमिनियम आणि पुढे अक्रोडाच्या लाकडाची एक पट्टी. काच नाही, दिव्यांची आरास नाही. तिच्या पोटात मधोमध एक भिंत असते. भिंतीच्या एका अंगाला प्रोसेसर, दुसऱ्या अंगाला ग्राफिक्स कार्ड, आणि दोघांना जोडणारी एक चपटी तार. ही भिंत थोडी अलीकडे-पलीकडे सरकवता येते. एकाला जागा वाढवून दिली की दुसऱ्याची तेवढीच कमी होते. एका खोलीत पडदा लावून दोन संसार थाटलेल्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ही रचना समजावून सांगावी लागत नाही. मी कार्ड कमी जाडीचे घेतले, म्हणून प्रोसेसरच्या बाजूला ऑस्ट्रियातील नॉक्टुआ कंपनीचा ७० मिलिमीटर उंचीचा कूलर बसला. त्याच्यावरचा पंखा चांगला १२० मिलिमीटरचा, म्हणून सावकाश फिरूनही पुरेसा वारा देणारा. हा पंखा तपकिरी आणि फिकट बदामी रंगाचा असतो. दिसायला तो कोणी मिरवावा असा नाही. पेटी बंद असल्यामुळे ती अडचणही उरली नाही.

त्या पंख्याच्या चारही कोपऱ्यांना रबराचे लहान तुकडे लावलेले असतात. पंख्याचा कंप धातूत उतरला की सगळी पेटीच गुणगुणू लागते. तो कंप रबराने आपल्यापाशी थोपवायचा असतो. हे वाचले तेव्हा मला आईचे शिवणयंत्र आठवले. आम्ही भावंडे शाळेत असताना ती रात्री शेजारच्यांचे ब्लाऊज आणि उशांचे अभ्रे शिवत असे. यंत्राच्या लोखंडी पायांखाली ती जुन्या गोधडीची चौपदरी घडी घाली. त्यामुळे जमिनीतून येणारी थरथर आमच्या अंथरुणापर्यंत पोचत नसे. डेसिबल हा शब्द तिला ठाऊक नव्हता. आपल्या कामाचा त्रास झोपलेल्या माणसाला होता कामा नये, एवढे तिला ठाऊक होते. ती काम करत होती आणि मी खेळणार होतो, हा फरक मी विसरलेलो नाही. परंतु गोधडीची जबाबदारी दोन्हीकडे सारखीच होती.

भाग घेण्यासाठी मी मुंबईत लॅमिंग्टन रोडला गेलो. कागदोपत्री या रस्त्याचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. ग्रँट रोडला पूर्वेला उतरले की थोड्या अंतरावर तो लागतो. दुकानातल्या तरुणाने माझी यादी वाचली आणि विचारले, “काका, मुलासाठी बघताय का?”

“नाही, माझ्यासाठीच.”

तो क्षणभर थांबला. “मग लाइटवालाच घ्या ना. तेवढ्याच पैशांत बसतो. उद्या विकायला काढलात तरी पटकन जाईल.”

“लाइट नकोत. आवाजही नको. आई त्याच खोलीत झोपते.”

यावर त्याने यादी पुन्हा, आता बारकाईने वाचली. “मग कार्ड दोन पंख्यांचं न्या. एका पंख्याचं लहान असतं, पण ओरडतं,” असे म्हणून त्याने माझ्या यादीत एक बदल सुचवला, आणि तो योग्यच होता. बिनदिव्यांची मेमरी त्याच्याकडे नव्हती. ती त्याने दुसऱ्या दुकानातून मागवली. लहान मदरबोर्डला मोठ्यापेक्षा अधिक पैसे पडले. कमी जागा आणि कमी झगमग यांसाठी अधिक मोजावे लागते, हे त्या दिवशी बिलावर लिहून मिळाले.

जोडणी झाल्यावरही दोन बंधने मी आपणहून घातली. चित्रे सेकंदाला साठच रंगवावीत, असा कार्डाला निर्बंध घातला, कारण माझा पडदा त्याहून अधिक दाखवतच नाही. शिवाय कार्डाचा व्होल्टेज थोडा उतरवला. चिपला लागणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे तिथे थोडेसे घटवले तरी उष्णता चांगलीच घटते. खेळात मला काही फरक जाणवला नाही. आईने त्या पेटीवर घालायला स्वतः विणलेला रुमाल काढला होता. वाऱ्याच्या जाळ्या झाकल्या जातील म्हणून तो आम्ही दूरदर्शन संचावर घातला.

शांतता म्हणजे आवाजाचा अभाव, अशी माझी आरंभी समजूत होती. वर्षभराच्या सोबतीनंतर तिचा अर्थ मला निराळा वाटतो. पंखा कोणत्याही भागाला खोलीतल्या हवेहून थंड करू शकत नाही, म्हणून मे महिन्यात यंत्राचे पंखे जरा जोराने फिरतात. पण तेव्हा छताचा पंखाही पूर्ण वेगात असतो आणि त्याखाली यंत्राचा आवाज बुडून जातो. डिसेंबरात छताचा पंखा बंद असतो आणि भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिकही ऐकू येते. पण तेव्हा हवा गार असते आणि यंत्राला धाप लागत नाही. आवाज शून्यावर आणणे माझ्या हाती नव्हते. तो घराच्या आवाजाखाली राहील, एवढे करणे हाती होते.

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. सकाळी चहा घेताना आई म्हणाली, “काल लवकर झोपलास वाटतं.” मी पाऊण वाजेपर्यंत जागा होतो. मी नुसती मान हलवली आणि तिच्या कपात आणखी थोडा चहा ओतला.