कोपरातली वीज

कोपराच्या आतल्या बाजूला, हाडाच्या टोकामागे, एक उथळ खोबण आहे. तिथे बोट दाबून फिरवलं तर कातडीखाली काहीतरी गोलसर सरकतं. ही अल्नर नस. दाराच्या चौकटीवर कोपर आपटलं की करंगळीपर्यंत जी सणक जाते, ती हिची. बाकीच्या बहुतेक नसा मांसाच्या आड सुरक्षित असतात. ही इथे जवळजवळ उघड्यावर येते. पुढे हाच उघडेपणा तिला महाग पडतो.

मेंदूचं कौतुक सगळेच करतात. मला मात्र त्याच्यापासून दूर, हातापायांत पसरलेल्या नसांचं अप्रूप जास्त. मेंदूतून 12 जोड्या निघतात, पाठीच्या कण्यातून 31. कण्याच्या मागच्या मुळातून खबर आत येते, पुढच्या मुळातून हुकूम बाहेर जातो. संवेदनेच्या पेशीचं मूळ ठाणं मणक्यालगतच्या एका इवल्या गाठीत असतं, आणि तिचा तंतू मांडी, पोटरी, घोटा ओलांडत पायाच्या अंगठ्यापर्यंत जातो. पेशी एकच, आणि तिची लांबी मीटरभराच्या वर!

आमच्या नागपुरात मे महिन्यात गच्चीवर कुरडया वाळत घालतात. पारा पंचेचाळीसच्या पुढे, स्लॅब तव्यासारखा. अनवाणी पाय पडला की आपण उडी मारतो ती मेंदूला न विचारता. पाय उचलायचा हुकूम कण्यातूनच सुटतो, मेंदूला खबर मागाहून लागते. वेदनाही दोन हप्त्यांत येते. पहिली चटकन, पातळ वेष्टण असलेल्या तंतूंतून. दुसरी रेंगाळत, बिनवेष्टणाच्या तंतूंतून, सेकंदाला एखाद्या मीटरच्या चालीनं. पहिलीला आपण ‘आई!’ म्हणतो, दुसरीला ‘आई गं...’

आमची मोठी आई त्याच गच्चीवर निवांत उभी असायची. ‘मोठी आई, चप्पल घाल ना,’ म्हटलं की म्हणे, ‘सवय आहे रे मले.’ तळव्यावर फोड आला तेव्हा कळलं, ती सवय नव्हती, साखर होती. मधुमेह सगळ्यात लांबच्या तंतूंना आधी गाठतो, म्हणून बधिरपणा पायाच्या बोटांपासून वर चढतो. तिच्या पायांकडे मी पुढे बरंच बघितलं, आणि तिथूनच माझं लक्ष विदर्भाच्या एका जुन्या दुखण्याकडे गेलं.

कुष्ठरोग हा लोकांच्या लेखी कातडीचा रोग. खरं तर तो नसांचा. 1873 मध्ये नॉर्वेच्या हान्सेननं त्याचा जंतू शोधला. हा जंतू तंतूंना वेष्टण देणाऱ्या श्वान पेशींमध्ये घर करतो, आणि त्याला शरीराचे थोडे गार भाग मानवतात. गार म्हणजे वरवरचे: कोपरामागची अल्नर, गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाची पेरोनिअल, घोट्याच्या आतली टिबिअल, चेहऱ्यावरची फेशिअल. अल्नर गेली की करंगळी आणि अनामिका वाकतात. पेरोनिअल गेली की पाऊल लोंबतं. फेशिअल गेली की पापणी मिटत नाही. घामाचे तंतूही मरतात. नागपूरच्या उन्हाळ्यात सगळं अंग निथळत असताना कातडीवरचा रोगाचा चट्टा तेवढा कोरडा राहतो.

बोटं ‘झडतात’ हा आपल्याकडचा हट्टी गैरसमज. बोटं झडत नाहीत. चुलीवरचं भांडं गरम आहे हे हाताला कळत नाही, खिळा चपलेतून वर आलाय हे पायाला कळत नाही. माणूस त्या जखमेवर चालत राहतो, जखम चिघळते, हाड खंगतं. जे दुखत नाही ते आपलं वाटेनासं होतं, हे तिथे अक्षरशः घडतं. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी वाकडी बोटं शस्त्रक्रियेनं सरळ करून दाखवली. पण सरळ झालेल्या बोटालाही चटका कळत नव्हताच.

नागपूरहून बल्लारशाकडे जाणारी गाडी सेवाग्राम, हिंगणघाट, वरोरा अशी जाते. या एका वाटेवर या रोगाचा केवढा इतिहास आहे! वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाणांनी 1936 मध्ये कुष्ठसेवा सुरू केली. सेवाग्रामला गांधीजी हा रोग झालेल्या परचुरे शास्त्रींच्या अंगाला स्वतः मालिश करत. हिंगणघाटला 1914 साली जन्मलेले बाबा आमटे वरोऱ्याच्या पावसात गटाराकाठी पडलेल्या तुळशीराम या कुष्ठरुग्णाला बघून आधी घाबरून पळाले, मग परतले, आणि पुढे आनंदवन उभं राहिलं. मला त्यांच्या परतण्याइतकंच ते पळणंही महत्त्वाचं वाटतं. अंगानं आधी उडी मारली, बुद्धी मागाहून पोचली.

नस गेलेल्या माणसाला डोळ्यांनी स्पर्शाचं काम करावं लागतं. रोज संध्याकाळी पाय पाण्यात भिजवायचे, तेल चोळायचं, तळवा उलटा करून नीट बघायचा. आत मऊ रबर असलेली एमसीआरची चप्पल घालायची, आणि घालण्याआधी ती झटकायची. पापणी आपोआप लवत नसेल तर आठवणीनं लववायची. आपण दिवसभरात हजारो वेळा फुकटात करतो ते या माणसांना ठरवून करावं लागतं. मोठी आईनंही हे शिकून घेतलं. खाटेवर बसून, चष्मा लावून, आरशात तळवे बघायची. पोथी वाचायला बसलीय असंच वाटायचं.

तुटलेला तंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढू शकतो, पण या रोगात पार जळलेली नस सहसा परत येत नाही. नुकती सुजलेली मात्र वाचवता येते. बधिरपणा सहा महिन्यांच्या आतला असेल तर स्टेरॉइडचा उपयोग होतो. रोगाच्या जंतूवर 1980च्या दशकापासून बहुविध औषधोपचार आहे आणि तो चालू झाला की लागण पसरायची लवकरच थांबते. तेव्हा अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल, तो खाजत नसेल, दुखत नसेल, त्यावर कापसाचा बोळा फिरवलेला कळत नसेल, तर लपवू नका. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा नागपूर शहरात असाल तर मेडिकल, मेयो या सरकारी रुग्णालयांत दाखवा. गोळ्या फुकट मिळतात. सहा किंवा बारा महिने घ्याव्या लागतात.