जाण्यापूर्वी

येत्या डिसेंबरात आमच्या लेझीम-पथकाला कंबोडियाला जाण्याचा योग आला आहे. तो देश आधी समजून घ्यावा म्हणून मी ग्रंथालयात बसू लागले. प्रथम नकाशा पाहिला. पावसाळ्यात मेकाँग इतकी फुगते, की तोन्ले साप नदी उलटी वाहू लागते आणि तिचे सरोवर कितीतरी पटींनी पसरते. तिथल्या मासळीवर आणि काठच्या भातावर देश पोसतो. मन हरखून गेले.

मग इतिहास उघडला. १७ एप्रिल १९७५ रोजी ख्मेर रूजने नॉम पेन्ह घेतले. शहरे रिकामी केली, शाळा बंद पाडल्या, चलन रद्द केले. जानेवारी १९७९ पर्यंत उपासमार, रोगराई आणि कत्तलींत १५ ते २० लाख माणसे गेली. शिकलेले लोक शत्रू ठरले. तुओल स्लेंग येथील शाळेच्या वर्गखोल्यांच्या कोठड्या झाल्या.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. आई अंगठा उमटवते, पण माझी पुस्तके देवघराशेजारी ठेवते. जिथे शिकणे हाच गुन्हा ठरला, त्या भूमीवर लेझीम खेळायची कशी? पण तिथल्या शाळा पुन्हा भरल्या आहेत. त्या मुलांसमोर जरूर खेळावे. तुओल स्लेंगच्या दारात मात्र लेझीम मुकी ठेवावी, असे मी ठरवले आहे.