कराटे की कुस्ती?

ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांत मुलांना कराटेच्या वर्गास घालण्याची आता रूढीच पडली आहे. शुभ्र गणवेश, कमरेचा रंगीत पट्टा आणि लाथांची चपळाई पाहून आम्हां पालकांस समाधान वाटते की, परमुलखात आपले मूल स्वसंरक्षणास समर्थ होत आहे. परंतु प्रतिपक्षाने ठोशाची वाट न पाहता कमरेस मिठी घालून जमिनीवर आपटले, तर त्या विद्येचा उपयोग किती? हा प्रश्न आम्ही सहसा विचारीत नाही.

महाराष्ट्रात ज्यांनी तालमीची लाल माती पाहिली आहे, त्यांस हा प्रश्न नवा नाही. अंगाशी भिडलेल्या माणसास ठोसा मारण्यास हात मागे घ्यायला जागा उरत नाही. आणि ठोशाचे बळ पायांतून येत असल्याने, पाय सुटले की ते बळही ओसरते. 12 नोव्हेंबर 1993 रोजी अमेरिकेतील डेन्व्हर येथे ब्राझीलच्या रॉयस ग्रेसी या सडपातळ जुजुत्सुपटूने एका रात्रीत तिघांस शरण आणले. त्यांत एक नावाजलेला मुष्टियोद्धाही होता. तिन्ही लढती मिळून सुमारे पाच मिनिटे लागली.

मग ठोसेवाल्याने हार मानावी काय? याचे उत्तर आपल्या सिडनीत वाढलेल्या रॉबर्ट व्हिटेकरने दिले. त्याची बालपणची विद्या गोजू-र्यू कराटे, पुढे हापकिडो. एप्रिल 2017 मध्ये त्याने जुजुत्सुचा जगज्जेता रोनाल्डो सूझा यास दुसऱ्याच फेरीत नमविले. त्याच वर्षी जुलैमध्ये लास व्हेगासला त्याची गाठ क्यूबाच्या योएल रोमेरोशी पडली. हा मल्ल 2000 च्या सिडनी ऑलिंपिकमधील कुस्तीचा रौप्यपदक विजेता. पहिल्याच फेरीत व्हिटेकरचा गुडघा दुखावला, पहिल्या दोन फेऱ्या हातच्या गेल्या. तरी उरलेल्या तीन जिंकून त्याने पंचांचा एकमुखी कौल मिळविला.

हा विजय निव्वळ ठोशांचा नव्हे. व्हिटेकरने कुस्तीचाही कसून अभ्यास केला होता. पट येताच कंबर मागे फेकून आपला भार मल्लाच्या पाठीवर टाकणे, खाली पडल्यास तत्काळ उठणे आणि अंतर राखून पुन्हा प्रहार करणे, हे त्याचे शस्त्र होते. अर्थात या उत्तरासही मर्यादा आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये अबू धाबी येथे खमझत चिमाएव या मल्लाने त्याच व्हिटेकरला पहिल्याच फेरीत जमिनीवर नेऊन शरण आणले. इस्राएलात प्रसिद्धी पावलेल्या क्राव मागाचे जनक इमी लिख्टेनफेल्ड हे स्वतः मुष्टियोद्धे आणि मल्ल, दोन्ही होते. हा योगायोग नव्हे.

आम्हांस आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. रस्त्यावर पंच नसतो आणि खाली गादीही नसते. सिडनीच्या किंग्ज क्रॉस भागात 2012 मध्ये आणि 2013 च्या अखेरच्या रात्री एकेका ठोशाने दोन तरुण कोसळले व प्राणास मुकले. त्यानंतर 2014 मध्ये न्यू साउथ वेल्सने अशा प्रहारासाठी स्वतंत्र कायदा केला. मद्याच्या अमलाखाली प्रौढाच्या हातून तो घडल्यास किमान 8 वर्षे तुरुंगवास आहे. सुटलेला ठोसा परत घेता येत नाही. पकड मात्र सैल करता येते; माणसास इजा न करता रोखून धरता येते.

म्हणून पालकांस आमचे नम्र सांगणे असे की, मुलांचा कराटेचा वर्ग अवश्य चालू ठेवावा, परंतु आठवड्यातून एक दिवस त्यांस ज्युडो वा कुस्तीच्या गादीवरही पाठवावे. पडावे कसे, उठावे कसे आणि मिठीतून सुटावे कसे, एवढे तरी त्यांस आले पाहिजे. आणि सुटका होताच घरची वाट धरावी, हेही आपणच त्यांस शिकवावे.