लेथची बैठक

लाकूड कातण्याचा लेथ विकत घेणे हे पैशाचे काम आहे. त्याला बैठक देणे हे विचाराचे. लेथ विकणारा दुकानदार यंत्राच्या गुणांविषयी तासभर बोलतो आणि ते ठेवायचे कशावर, असे विचारताच 'कोणतेही भक्कम टेबल चालेल' एवढे सांगून मोकळा होतो. बदलीच्या नोकरीत ज्यांची हयात गेली, त्या आमच्या वाचकांना सरकारी निवासातील टेबलाचे भक्कमपण काय असते हे सांगावयास नको. ते फायलींचा भार सोसते. यंत्राचा हिसका सोसणे हा त्याचा धर्म नव्हे.

हा हिसका येतो लाकडातूनच. ओबडधोबड ओंडका दोन टोकांमध्ये कितीही काळजीने धरला, तरी त्याची एक बाजू जड राहतेच. मिनिटास ६०० फेरे म्हणजे सेकंदास १० वेळा ती जड बाजू साऱ्या लेथला आपल्याकडे ओढते. वेग दुप्पट केला की ही ओढ दुप्पट नव्हे, चौपट होते. बैठक हलकी असेल तर यंत्र थरथरते, पटाशीचे टोक नको तेथे रुतते, आणि मग लाकूड बिघडले एवढ्यावर निभावले तर नशीब म्हणायचे. म्हणून बैठक ही लेथखालची वस्तू नसून लेथचाच अर्धा भाग होय, असे आमचे मत आहे.

आपल्याकडील जुन्या कातारी लोकांना ही विवंचना नव्हती. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांची ख्याती ज्या हत्यारातून निर्माण झाली त्या जातीच्या लेथचे खुंट जमिनीशीच घट्ट जखडलेले असत. कातारी खालीच बसे, जोडीदार दोरी ओढून लाकूड पुढे-मागे फिरवी. वेग बेताचा, आणि बैठक म्हणून प्रत्यक्ष धरित्री! आम्ही राहतो दक्षिण कलकत्त्यात, दुसऱ्या मजल्यावर. आमच्या पायांखाली जी आहे ती धरित्री नसून एका निवृत्त प्राध्यापकांचे छत आहे, आणि त्या छताखाली ते दुपारी दोन ते चार निद्रा घेतात. खुंट पुरावा कोठे?

प्रथम हावड्यास गेलो. बेलिलियस रोडच्या परिसरात लोखंडाचे काय होऊ शकत नाही, हाच प्रश्न आहे. लोखंडी अँगलची चौकट एका दुपारीत जोडून देतो, असे तेथे सांगण्यात आले. पण पोकळ चौकट घुमते. थरथर गिळण्याऐवजी ती घंटेसारखी गाजवते. ओतीव लोखंडाची बैठक निःसंशय उत्तम, मात्र ती उचलण्यास चार हमाल हवेत, आणि बदलीचा हुकूम हमालांची सोय पाहून निघत नाही. आमच्या बैठकीने येथे पर्वतासारखे अचल राहावे आणि हुकूम येताच बिछान्यासारखे गुंडाळले जावे, अशी आमची परस्परविरोधी अपेक्षा होती. परतताना हावडा पूल लागला. १९४३ साली वाहतुकीस खुला झालेला हा २६,५०० टन पोलादाचा पूल नट-बोल्टांवाचून, केवळ रिव्हेट ठोकून उभा केला आहे. त्याची बदली व्हावयाची नाही, त्यास ते शोभते. आम्हांला बोल्टच हवे होते.

शेवटी निमतल्याच्या लाकडाच्या वखारीत शाल पसंत केला. सागवान देखणा खरा, पण येथे देखणेपणाचे काय काम? शाल घनफुटाला वीस-पंचवीस किलो भरतो. वर्षानुवर्षे आगगाड्यांचे रूळ त्याने पाठीवर वाहिले आहेत. ज्या वृद्ध मिस्त्रींकडे काम दिले, त्यांनी आमचा कागदावरील आराखडा न पाहताच बाजूस ठेवला. "ओजन चाइ, दादा, ओजन," ते म्हणाले. वजन हवे! आणि मग आमचा हात धरून कोपराची उंची मोजली. लेथचा आस कातणाऱ्याच्या कोपराशी यावा, हा नियम त्यांना पुस्तकातून ठाऊक नव्हता; पाठीच्या दुखण्यातून ठाऊक होता. आमचे कोपर ४२ इंचांवर, लेथच्या पायापासून त्याचा आस १० इंच वर. तेव्हा बैठक ३२ इंचांची. तयार बैठक विकणाऱ्या कोणाही दुकानदाराने आमच्या कोपराची चौकशी केली नव्हती.

चार इंच चौरस पाय, खाली बाहेरच्या अंगास फाकलेले. वर दोन जाड फळ्या, मधे भुसा पडावा म्हणून फट. आडव्या पट्ट्यांची टोके पायांतील खाचांत बसवून प्रत्येक सांध्यास अर्धा इंची आरपार बोल्ट, दोन्हीकडे रुंद वायसर; असे एकंदर १६ सांधे. मिस्त्रींनी त्यांवर बंगाली आकडे घातले. बंगालीतला एक आपल्या नवासारखा आणि त्यांचा नऊ आपल्या एकासारखा दिसतो, म्हणून शेजारी आम्ही मराठी आकडे रंगवून घेतले. पुढचा मुक्काम भुवनेश्वरास पडला तर तिसऱ्या लिपीचीही भर पडेल.

राहिला वजनाचा प्रश्न. शालाचे सारे लाकूड मिळून साठ किलोंच्या आत-बाहेर. तेवढ्याने भागणार नव्हते. तो प्रश्न वाळूने सोडवला. खालच्या पट्ट्यांवर फळ्यांची पेटी बसवून तीत मगऱ्याची जाड वाळू भरली. ती आधी दोन दिवस गच्चीवर उन्हात वाळवली, कारण ओली वाळू लाकूड कुजवते. मग चटाच्या दुहेरी थैल्यांत, थैलीस १५ किलो याप्रमाणे सहा थैल्या. वाळू केवळ भार देत नाही. तिचे कण एकमेकांवर घासून थरथर गिळतात, हे तिचे लोखंडाहून थोर वैशिष्ट्य. आणि बदलीच्या वेळी ती येथेच ओतून द्यावयाची. वाळू कोणत्या गावी मिळत नाही? पाटण्यास गंगेची मिळेल, नागपुरास कन्हानची.

जुन्या घरांची जमीन सपाट नसते. म्हणून चारही पायांखाली फिरवून उंची जुळवता येणारे बोल्ट आणि त्यांखाली जाड रबर दिले. बैठक किंचित पिळलेली राहिली तर लेथही पिळतो आणि त्याची दोन टोके समोरासमोर येत नाहीत. ती सुईला सुई भिडल्यासारखी भिडेपर्यंत दोन संध्याकाळी गेल्या. मग फळीवर पाण्याने भरलेली वाटी ठेवून यंत्र सुरू केले. पाण्यावर बारीक तरंग उठले, थेंब मात्र सांडला नाही. प्रथम कातले ते लाटणे, अर्थात गृहस्वामिनींच्या हुकमाने. बाजारातल्या बेलण्यावर पुरणपोळी लाटणे हा त्यांच्या मते पोळीचा अपमान आहे. प्राध्यापकमहाशयांची निद्रा अभंग राहिली. पुढच्याच आठवड्यात ते स्वतः जिना चढून आले आणि नातवासाठी लाट्टू, म्हणजे आपला भोवरा, मागून घेऊन गेले.

येथील पावसाळ्यात शाल फुगतो, हिवाळ्यात आकसतो, आणि बोल्ट सैल पडतात. म्हणून वर्षातून दोनदा पान्हा फिरवावा लागतो. यंदा कालीपूजेनंतर सोळाही बोल्ट तपासले. बहुतेकांनी पाव फेरा घेतला. मागच्या डाव्या पायाच्या बोल्टाने मात्र पाऊण.