गेरूचे बोट

घराला कोणता रंग द्यावा हा प्रश्न ज्यांच्याकडे भांडणावाचून सुटला असेल, त्यांनी मला अवश्य कळवावे. मी त्यांच्या दर्शनाला येईन. आमच्याकडे तो दीड वर्ष चालला होता.

आमचे घर हरिहरेश्वरचे. मागे नारळी-पोफळीची वाडी, तिच्यापलीकडे समुद्राची गाज. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा आमची कौले पत्त्यांसारखी उडाली, पोफळी काड्यांसारख्या मोडल्या आणि पडवीची भिंत बसली. घरात एकटी आत्या होती. ती देवघराच्या कोपऱ्यात बसून राहिली आणि वाचली, एवढे देवाने राखले.

घर पुन्हा उभे केले. सिमेंटचा गिलावा झाला आणि पैसे संपले. गवंडी जाताना बजावून गेला, "गिलावा पुरता वाळल्याबिगर रंग लावू नका. आतला ओलावा नि क्षार रंग टिकू देत नाहीत." आम्हाला हे फारच सोयीचे वाटले. दारिद्र्याला शास्त्राचा आधार मिळाला की माणूस कसा ताठ चालतो!

पुण्याला परत आलो तर तिथे वेगळाच चमत्कार. ज्याच्या त्याच्या दिवाणखान्याला करडा रंग, आणि त्यात एखादीच पिवळी उशी नाही तर निळी खुर्ची. त्यासाठी लोक भरपूर पैसे मोजत होते. मी मनात म्हटले, करडे घर तर आपल्याकडे फुकट आहे; उशीचाच काय तो खर्च!

२०२१ च्या दिवाळीला गावी गेलो तो हा बेत घेऊनच. आत्याने ऐकून घेतले आणि म्हणाली, "राखेच्या रंगाचं घर? सुतक आलंय का घराला?"

मी वकिली सुरू केली. म्हटले, "आत्या, अगं आपलं गावच करडं आहे. देवळामागच्या पायऱ्या उतरून ओहोटीला प्रदक्षिणेला गेलं की काय दिसतं? लाटांनी पोळ्यासारखा पोखरलेला काळा-करडा कातळच ना? आणि शेणात करवंटीच्या कोळशाची पूड घालून तू ओटी सारवायचीस, ती कोणत्या रंगाची असायची?"

"सारवलेल्या जमिनीवर रांगोळी असते रे," ती म्हणाली. "वर हळदीकुंकवाची चिमूट असते. ती नसली तर नुसती राखच ती."

मी गप्प झालो. कारण हीच गोष्ट सांगायला एका फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला अख्खा ग्रंथ लिहावा लागला होता. शेव्ह्रल हा पॅरिसच्या गोबेलँ कारखान्यात रंगाईचा प्रमुख होता. तिथले काळे सूत फिके दिसते अशी तक्रार आली. त्याने शोध घेतला तेव्हा दोष सुताच्या रंगात नव्हता, शेजारच्या रंगांत होता. रंग एकमेकांच्या सोबतीने बदलून दिसतात, हे त्याने १८३९ साली ग्रंथ लिहून मांडले. तांबड्याशेजारी करडा ठेवला की करड्यावर हिरवट छटा येते आणि तांबडा अधिकच खुलतो. आत्याला हे रोजच्या रांगोळीने शिकवले होते.

मी निळी खुर्ची सुचवली. ती एका वाक्यात बाद झाली. आत्याने गेरू भिजवला. गेरूचा तांबडेपणा लोहाच्या गंजाचा, आमच्या जांभ्या दगडाचाही तोच. तेव्हा हा रंग परका नव्हता. तुळशीवृंदावन, पायऱ्या आणि दाराभोवती चार बोटांचा पट्टा एवढाच गेरू लागला, त्याला चुन्याची पांढरी किनार आली, आणि कालपर्यंत अर्धवट वाटणारे घर एकदम पुरे झाले. वाटेने जाणारे थांबून पाहू लागले. मी आपले श्रेय घेत राहिलो.

भाऊबीज आली. आत्या बाविसाव्या वर्षी माहेरी परत आली, तेव्हापासून बाबा तिला दर भाऊबिजेला लुगडे घेत. बाबा गेल्यापासून मी घेतो. त्याप्रमाणे घडी तिच्या हाती दिली. तिने ती उलगडली, भिंतीकडे पाहिले, पुन्हा लुगड्याकडे पाहिले आणि हसत म्हणाली, "भिंतीचं एवढं कळतं तुला, मग मला दरवर्षी राखाडीच का रे?"

त्या हसण्यात तक्रार नव्हती, म्हणून ते अधिक लागले. साठ वर्षे आम्ही दोघे बापलेक तिला तेच देत आलो होतो. तिला काय आवडते हे एकदाही विचारले नव्हते. तिनेही सांगितले नव्हते. तिने आपले सगळे रंग अंगणात काढले होते.

दुपारच्याच एस.टी.ने श्रीवर्धनला गेलो. दुकानदाराने काय हवे म्हणून विचारले, तेव्हा मी म्हणालो, "करडंच द्या, पण काठ गेरूसारखा तांबडा हवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेसून ती देवळात निघाली. रीतीप्रमाणे आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर. मी अंगणात उभा होतो. वृंदावनापाशी ती क्षणभर थांबली आणि पदराचा काठ त्याच्या गेरूशी लावून रंग जुळतो का ते पाहिले. जुळत होता.